यमामाचे धान्य आणि शिरूरचा कांदा

७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारच्या परकीय व्यापार महासंचालनालयाने एक अधिसूचना काढली आणि दुसऱ्या दिवसापासून कांद्याची निर्यात बंद झाली. तो शुक्रवार होता. शिरूर आणि दौंड तालुक्यांत त्या सुमारास खरिपाचा लाल कांदा निघत असतो. हा कांदा बराखीत टिकत नाही. काढला की विकावाच लागतो. निर्यात थांबली तसे लिलावातले भाव कोसळले. बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत राहील असे सांगण्यात आले होते, परंतु मार्चमध्ये ती पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आली. ४ मे रोजी ती उठली, तेव्हा तिच्या जागी ४० टक्के निर्यात शुल्क आणि टनामागे ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य अशा दोन अटी आल्या. सप्टेंबरमध्ये किमान मूल्याची अट गेली व शुल्क २० टक्क्यांवर आले, आणि १ एप्रिल २०२५ पासून ते शुल्कही राहिले नाही. म्हणजे एका पिकाच्या व्यापाराचे नियम दीड वर्षाच्या आत चार-पाच वेळा बदलले. याच्या आधी, ऑगस्ट २०२३ मध्ये, ४० टक्के शुल्क एकदा लावून झाले होते, ते वेगळेच.

आपल्या भागातील मुस्लिम समाजाचा या पिकाशी संबंध दूरचा नाही. कोणी दोन-तीन एकरांचा शेतकरी आहे, कोणी बागवान म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कांदा-बटाट्याचा व्यापार करतो, कोणी बाजार समितीत हमाली करतो, कोणाचा टेम्पो भाड्याने लागतो. त्यामुळे त्या महिन्यांत मशिदीत नमाजनंतर दोन प्रश्न वारंवार पुढे आले. पहिला मोठ्या आवाजात विचारला जाई. सरकारने बंदी घातली ती शहरातल्या गरिबाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून. मग तिला अन्याय कसे म्हणता येईल? दुसरा प्रश्न जरा बाजूला घेऊन, हळू आवाजात विचारला जाई. आम्ही उन्हाळी कांदा भाव येईपर्यंत बराखीत ठेवतो. ती शरीअतच्या दृष्टीने साठेबाजी आहे काय?

पहिल्या प्रश्नाचा विचार करताना मला प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या चरित्रातील एक प्रसंग आठवतो. आपल्याकडे तो बहुधा क्षमाशीलतेचे उदाहरण म्हणून सांगितला जातो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्या प्रसंगात एक निर्यातबंदीही आहे, तिच्याकडे आपले लक्ष जात नाही.

अरबस्तानाच्या मध्यभागी यमामा नावाचा सुपीक प्रदेश होता. मक्का हे ओसाड खोऱ्यात वसलेले व्यापारी शहर. त्याचे धान्य बाहेरून येई आणि त्यातला मोठा वाटा यमामाचा असे. तेथील बनू हनीफा टोळीचे सरदार सुमामा बिन उसाल हे प्रेषितांचे (स.) विरोधक होते. नज्दच्या दिशेने गेलेल्या घोडेस्वारांच्या तुकडीने त्यांना पकडून मदीनेत आणले आणि मस्जिदे नबवीच्या एका खांबाला बांधून ठेवले. ह. अबू हुरैरा (रजि.) यांच्या कथनानुसार, जे बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, प्रेषित (स.) तीन दिवस रोज त्यांच्याजवळ जाऊन विचारपूस करीत आणि सुमामा रोज त्याच आशयाचे उत्तर देत. मारलेत तर ज्याच्या रक्ताची किंमत आहे अशाला माराल. उपकार केलात तर ते जाणणाऱ्यावर कराल. धन हवे असेल तर मागा. तिसऱ्या दिवशी कोणतीही अट न घालता त्यांना सोडण्यात आले. सुमामा जवळच्या खजुरीच्या बागेत गेले, स्नान केले, परत मशिदीत आले आणि त्यांनी इस्लाम स्वीकारला.

त्यानंतर ते उमऱ्यासाठी मक्केला गेले. कुरैशांनी धर्म सोडल्याचा टोमणा मारला तेव्हा सुमामा यांनी त्यांना बजावले की, प्रेषित (स.) परवानगी देईपर्यंत यमामाहून गव्हाचा एक दाणाही तुमच्याकडे येणार नाही. हा शब्द त्यांनी खरा केला. इब्ने हिशाम यांच्या सीरत ग्रंथात पुढची हकिगत आहे. मक्केत टंचाई झाली, लोक हवालदिल झाले आणि अखेर कुरैशांनी प्रेषितांना (स.) पत्र लिहिले. त्यात त्यांनी नातेसंबंधांची आठवण दिली. तुम्ही तर आप्तांशी नाते जोडण्याची शिकवण देता, असे सुनावले. प्रेषितांनी (स.) सुमामा यांना लिहून कळवले की, धान्याचा मार्ग मोकळा करा.

हे पत्र लिहिणारे कोण होते ते विसरू नये. नुबुव्वतच्या सातव्या वर्षापासून सुमारे तीन वर्षे याच कुरैशांनी बनू हाशिमला अबू तालिबच्या घाटीत कोंडून त्यांच्याशी खरेदी-विक्री बंद केली होती. लहान मुलांचे भुकेचे रडणे घाटीबाहेर ऐकू येई, असे चरित्रकार लिहितात. त्या बहिष्काराचा करारनामा काबागृहात टांगलेला होता. आता धान्याची दोरी ज्यांना कोंडले होते त्यांच्या हाती आली होती, मक्का अजून जिंकली गेली नव्हती, शत्रुत्व संपले नव्हते. तरीही मार्ग खुला झाला, आणि तो मक्केतल्या सर्वांसाठी खुला झाला. आपल्या बाजूच्या घराण्यांपुरता नव्हे.

या एका घटनेवरून प्रत्येक निर्यातबंदी हराम आहे असा निष्कर्ष काढणे मात्र उतावळेपणाचे होईल. यमामात धान्याची टंचाई नव्हती. तेथील बंदी हे शत्रूला नमवण्याचे साधन होते. आपल्याकडची बंदी देशातल्या ग्राहकाच्या नावाने घातली जाते. आधी घरच्यांचे पोट भरावे, मग बाहेर द्यावे, हे तत्त्व शरीअतला अमान्य नाही. म्हणून यमामाच्या जोडीला मिसरही पाहावे लागते.

सूरह यूसुफमध्ये ह. यूसुफ (अ.) यांनी राजाच्या स्वप्नाचा अर्थ सांगितला, आणि त्यासोबत योजनाही सांगितली. सात वर्षे नेटाने शेती करायची, खाण्यापुरते सोडून उरलेले धान्य कणसातच राहू द्यायचे आणि दुष्काळाच्या सात वर्षांत ते वापरायचे. कणसातले धान्य किडीपासून अधिक सुरक्षित राहते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. सरकारने साठा करावा, मापून वाटप करावे, याला यापेक्षा मोठा आधार कोणता हवा? परंतु त्याच सूरहमध्ये पुढे काय येते तेही वाचावे. दुष्काळ ऐन भरात असताना कनआनहून परदेशी माणसे धान्य मागायला येतात आणि मिसरच्या कोठारातून त्यांना माणशी एक उंटाचे ओझे मोजून मिळते. ते ह. यूसुफ (अ.) यांचे भाऊ होते ही गोष्ट वेगळी, माणशी एक ओझे हा हिशेब त्यांच्यासाठी बदललेला दिसत नाही. साठा होता, नियंत्रण होते, तरी सीमा बंद नव्हती. आणि मिसरच्या शेतकऱ्याला सात वर्षे आधी ठाऊक होते की पुढे काय होणार आहे.

आपल्याकडेही साठ्याची व्यवस्था आहे. २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या राखीव साठ्याचे लक्ष्य तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेले आणि ऑगस्टमध्ये क्विंटलला २,४१० रुपये दराने खरेदी जाहीर केली. त्याच महिन्यात ग्राहकांना किलोला २५ रुपयांनी सरकारी कांदा विकण्यास सुरुवात झाली. हा मार्ग मला बंदीहून कितीतरी अधिक न्याय्य वाटतो. सरकार बाजारात पैसे घेऊन उतरते, शेतकऱ्याला दाम देते, आणि ग्राहकाला स्वस्त देताना येणारी तूट सर्वांच्या तिजोरीतून सोसते. बंदीत तीच तूट एकट्या उत्पादकाच्या खिशातून भरली जाते. येथे पहिल्या प्रश्नाची खरी गाठ आहे. गरिबाला कांदा स्वस्त मिळावा, यात वाद नाही. तो कोणाच्या पैशाने स्वस्त व्हावा, हा वाद आहे. कुरकुंभच्या कारखान्यात पाळी भरणाऱ्या कामगाराच्या घरी साठ रुपये किलोचा कांदा परवडत नाही, हे खरे; पण त्याची मदत शिरूरच्या माळरानावरच्या दोन एकरवाल्याने एकट्याने का करावी?

भावांविषयी प्रेषितांची (स.) भूमिका ह. अनस (रजि.) यांच्या कथनातून आपल्यापर्यंत आली आहे, अबू दाऊद व तिरमिजी यांनी ती नोंदवली आहे. मदीनेत महागाई झाली तेव्हा लोकांनी भाव ठरवून देण्याची विनंती केली. प्रेषितांनी (स.) नकार दिला. भाव ठरवणारा, तंगी आणि विपुलता देणारा अल्लाह आहे, आणि मला त्याच्यासमोर अशा स्थितीत जायचे आहे की कोणाच्या जीविताविषयी वा मालाविषयी माझ्यावर जुलमाचा दावा नसेल, असा त्या उत्तराचा आशय आहे. लक्षात घ्यावे की येथे भाव पाडण्याच्या मागणीला जुलमाच्या शक्यतेशी जोडले आहे, आणि ज्याच्यावर जुलूम होऊ शकतो तो विक्रेता आहे. महागाई म्हटली की आपण विक्रेत्याला आरोपी धरतो. या हदीसमध्ये तो संभाव्य फिर्यादी आहे.

पुढे फकीहांनी या हदीसचा पल्ला ठरवला. आम्ही मदरशात ‘हिदाया’ शिकलो, त्यातील मत असे की, शासकाने भाव ठरवू नयेत. परंतु अन्नाचे व्यापारी मर्यादा सोडून लूट करू लागले आणि दुसऱ्या उपायाने लोकांचे हित राखता येत नसेल, तर जाणकारांचा सल्ला घेऊन तसे करण्यास हरकत नाही. इब्ने तैमिया यांनी ‘अल-हिसबा’मध्ये हाच भेद अधिक उघड केला. माल कमी आला म्हणून किंवा घेणारे वाढले म्हणून भाव चढला, तर विक्रेत्याला कमी किमतीत विकायला भाग पाडणे हा अन्याय आहे. विक्रेत्यांनी संगनमत करून माल अडवला असेल, तर त्यांना योग्य भावाने विकायला लावणे हा न्याय आहे. २०२३ चा पावसाळा राज्यात अनेक भागांत रुसला होता. भाव चढण्यामागे ते एक मोठे कारण होते. त्यावर्षी संगनमत कुठे झालेच नाही असे मी म्हणणार नाही. पण झाले असेल तर ते मोठ्या गोदामांत झाले असेल, आणि त्यासाठी छापा गोदामावर पडायला हवा होता.

‘मुवत्ता’मध्ये ह. उमर (रजि.) यांचा एक प्रसंग आहे. मदीनेच्या बाजारात ह. हातिब बिन अबी बल्तआ (रजि.) मनुके विकत होते. त्यांचा भाव कमी होता. ह. उमर (रजि.) यांनी त्यांना सांगितले की, एक तर भाव वाढवा, नाही तर आमच्या बाजारातून उठा. स्वस्त विकणाऱ्याला हटकणारा शासक! स्वस्ताईने इतर विक्रेते आणि बाहेरून माल आणणारे मरतात, याची त्यांना चिंता होती. इमाम शाफिई यांच्याकडून आलेल्या रिवायतीत पुढचा भाग आहे. घरी गेल्यावर ह. उमर (रजि.) यांनी पुन्हा विचार केला, हातिब यांच्या दारी गेले आणि म्हणाले की, मी बोललो तो हुकूम नव्हता, लोकांच्या भल्यासाठी मनात आले ते बोललो, तुम्ही हवे तेथे, हवे तसे विका. अधिसूचना काढून झाल्यावर शेतकऱ्याच्या दारापर्यंत चालत जाणारा अधिकारी आमच्या तालुक्यांनी अद्याप पाहिलेला नाही.

या धोरणाचा परिणाम जमिनीवरही उमटतो. दौंड तालुक्याला खडकवासल्याच्या कालव्याचे आणि भीमेचे पाणी आहे, शिरूरला घोड आणि कालव्यांचे. ज्याला पाण्याची खात्री आहे तो उसाकडे वळतो, कारण उसाला कायद्याने ठरलेला किमान दर आहे; २०२४-२५ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये होता. कारखान्याकडून पैसे वेळेवर मिळतात की नाही हा प्रश्न निराळा, पण दर तरी ठाऊक असतो. कांदा हे चार महिन्यांचे, उसाच्या तुलनेत फार थोड्या पाण्यावर येणारे पीक आहे. त्याच्या भावावर दर दीड-दोन वर्षांनी कुऱ्हाड पडत राहिली, तर शेतकरी पाणी पिणाऱ्या पिकाकडे ढकलला जातो. मग उन्हाळ्यात कालव्याच्या शेपटाकडच्या गावांना टँकर लावावे लागतात. टिकाऊ विकासाविषयी परिषदा भरतात, पण कोणते पीक टिकणार हे अनेकदा निर्यातीच्या एका आदेशाने ठरते. चाकणला १९८० साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली कांद्याचे आंदोलन झाले. त्याचा गाभा हाच होता की, भाव पडू देणे ही निसर्गाची नव्हे, धोरणाची गोष्ट आहे. शिरूरपासून चाकण फार लांब नाही, पण धोरण चाळीस वर्षांत फारसे चालून आलेले नाही.

आता शेजारी देशांकडे वळू. २९ सप्टेंबर २०१९ रोजी भारताने अशीच अचानक बंदी घातली होती. पाचव्याच दिवशी, ४ ऑक्टोबरला, बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. उद्योजकांच्या सभेत त्यांनी हसत हसत तक्रार केली की, आपण स्वयंपाक्याला कांद्याविना स्वयंपाक करायला सांगितले आहे. पुढच्या वेळी आधी कळवलेत तर बरे होईल. सभा हसली. पण १४ सप्टेंबर २०२० रोजी पुन्हा तेच झाले, आणि कांद्याने भरलेले ट्रक सीमेवर उभे राहिले. बांगलादेशाने लेखी नाराजी कळवली. या काळात त्याने इजिप्त, तुर्की, चीन, म्यानमार अशा देशांकडून कांदा घेतला. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाची पायरी चढले की परत आणणे किती कठीण असते, हे आमच्या बागवान बांधवांना ठाऊक आहे.

आंतरराष्ट्रीय नियमही याबाबत मुके नाहीत. जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक कराराचे १२ वे कलम सांगते की, अन्नाच्या निर्यातीवर बंधन घालणाऱ्या देशाने आयात करणाऱ्याच्या अन्नसुरक्षेचा विचार करावा आणि शक्य तितक्या आधी लेखी सूचना द्यावी. विकसनशील देशांना यातून सूट आहे. पण त्या विशिष्ट अन्नपदार्थाचा तो देश निव्वळ निर्यातदार असेल तर सूट लागू होत नाही. कांद्याच्या बाबतीत भारत निर्यातदार आहे.

परंतु आपल्यासाठी या नियमाहून जुना आधार उपलब्ध आहे. सूरह अन्फालच्या ५८ व्या आयतीचा आशय असा की, एखाद्या समूहाकडून विश्वासघाताची भीती वाटली तरी त्याच्याशी असलेला करार उघडपणे, बरोबरीच्या पातळीवर त्याला परत करावा; कारण अल्लाहला विश्वासघात करणारे आवडत नाहीत. म्हणजे समोरचा दगा देईल अशी शंका असतानाही आपण गुपचूप करार मोडायचा नाही, आधी सांगायचे. तिरमिजी व अबू दाऊद यांनी या संदर्भातील एक प्रसंग दिला आहे. ह. मुआविया (रजि.) आणि रोमन यांच्यात ठरावीक मुदतीचा तह होता. मुदत संपताच चढाई करता यावी म्हणून मुआविया (रजि.) आधीच सैन्य सीमेकडे हलवू लागले. एवढ्यात एक घोडेस्वार मोठ्याने तकबीर देत आला. वचन पाळा, दगा नको, असे तो ओरडत होता. ते ह. अम्र बिन अबसा (रजि.) होते. तहाची मुदत पूर्ण होईपर्यंत किंवा तो उघडपणे परत करेपर्यंत त्याची गाठ सैलही करू नये आणि आवळूही नये, अशी प्रेषितांची (स.) शिकवण त्यांनी सांगितली. मुआविया (रजि.) सैन्यासह परत फिरले. काटेकोर पाहिले तर त्यांनी तह मोडलेला नव्हता, फक्त समोरच्याला बेसावध गाठण्याची तयारी केली होती. तेवढेही मान्य झाले नाही.

इमाम अबू हनीफा यांचे शिष्य इमाम मुहम्मद अश-शैबानी यांनी राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहारावर ‘अस-सियर अल-कबीर’ हा ग्रंथ रचला. हिजरी १८९ मध्ये त्यांचे निधन झाले, यावरून त्याचे प्राचीनत्व ध्यानात यावे. त्याच परंपरेतील ‘हिदाया’ सांगतो की, तह संपवल्याची सूचना केवळ राजाला देऊन भागत नाही. ती बातमी त्याच्या सर्व लोकांपर्यंत पोहोचेल एवढा अवधी गेला पाहिजे. हा नियम युद्धाच्या प्रकरणातला आहे. शत्रूला जो अवधी द्यावा लागतो तो मित्रराष्ट्राच्या व्यापाऱ्याला आणि स्वतःच्या शेतकऱ्याला नाकारला जावा, याचे समर्थन मला कोठे सापडत नाही. न्हावा-शेवा बंदराकडे निघालेला कंटेनर, ढाक्याकडे निघालेला ट्रक, लागवडीसाठी काढलेले कर्ज, या सर्वांना बातमी पोहोचण्याचा अवधी हवा.

बंदीच्या काळात काही देशांना सरकारी मार्गाने कांदा देण्यात आला. १ मार्च २०२४ रोजी, रमजानच्या तोंडावर, बांगलादेशसाठी ५० हजार टन आणि संयुक्त अरब अमिरातीसाठी १४,४०० टन मंजूर झाले. पुढे भूतान, बहारीन, मॉरिशस व श्रीलंका धरून सहा देशांचा आकडा ९९,१५० टनांवर गेला. रोजेदारांच्या घरी कांदा पोहोचला याचा आनंदच आहे. पण हा व्यवहार राष्ट्रीय सहकारी निर्यात संस्थेमार्फत झाला. खुल्या बाजारातला शेतकरी व निर्यातदार बाहेरच राहिला. मैत्री जपली गेली, किंमत मात्र ज्याने आधीच मोजली होती त्यानेच मोजली.

सरकारवर एवढे लिहिल्यावर दुसरा प्रश्न टाळणे योग्य नव्हे. बराखीतला कांदा साठेबाजी आहे काय? माल अडवून ठेवणाऱ्याला पापी म्हणणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे, आणि तिच्या धाकाने काही शेतकरी बांधव अस्वस्थ होतात. हनफी फकीहांचे मत स्पष्ट आहे की, स्वतःच्या जमिनीत पिकवलेला माल राखून ठेवणारा ‘मुहतकिर’ ठरत नाही. साठेबाज तो, जो बाजारातला माल खरेदी करून दाबतो. इमाम अबू हनीफा साठेबाजीचा हुकूम मुख्य अन्न व चारा यांपुरता धरतात. इमाम अबू यूसुफ म्हणतात की, जे अडवल्याने जनतेला त्रास होईल ते सर्व त्यात येते, आणि कांद्याबाबत मला हेच मत अधिक लागू वाटते. म्हणून बराखीवाल्या शेतकऱ्याने निश्चिंत असावे, पण गाफील असू नये. हनफी फिकहच्या ग्रंथांत नोंद आहे की, स्वतःच्या पिकाचा मालकही टंचाईची वा दुष्काळाची आस धरून बसला तर त्या वाईट हेतूमुळे गुन्हेगार होतो. चांगला भाव मिळावा ही दुआ वेगळी आणि पलीकडच्या तालुक्यात गारपीट व्हावी ही इच्छा वेगळी. व्यापारी बांधवाला मात्र ही सवलत नाही. त्याने विकत घेतलेला कांदा टंचाईत दाबला, तर तो थेट हदीसच्या कक्षेत येतो.

गोणीच्या तळाशी जोडकांदा आणि चिंगळी भरून वर निवडक माल ठेवण्याच्या सवयीविषयी थोडेच लिहितो. धान्याच्या ढिगात हात घालून आतला ओलावा बाहेर काढणाऱ्या प्रेषितांचा (स.) प्रसंग प्रत्येकाने ऐकलेला आहे. कोलंबोत उघडलेली एक गोणी साऱ्या तालुक्याचे नाव घेऊन जाते.

शिवारातल्या सौद्यांबद्दल अधिक विचारणा होते. व्यापारी उभ्या पिकावर उचल देतो, भाव ठरतो. मग भाव वाढला की शेतकरी फिरतो आणि पडला की व्यापारी फोन उचलत नाही. सरकारच्या अचानक आदेशाला जे नाव आपण देतो तेच याही वागण्याला द्यावे लागेल. सूरह माइदाची पहिलीच आयत करार पूर्ण करण्याचा आदेश देते. आधी पैसे व नंतर माल असा ‘सलम’ व्यवहार शरीअतने मान्य केला आहे, पण त्याच्या अटी आहेत. प्रत, वजन, मुदत आणि माल द्यायची जागा ठरलेली हवी. संपूर्ण किंमत सौद्याच्या बैठकीतच चुकती व्हावी. आणि माल अमुक एका शेतातला अशी अट नसावी, कारण त्या शेतात पीक आले नाही तर वाद उभा राहतो. यावरून दिसेल की थोडी उचल देऊन अमक्या गटातल्या कांद्याचा केलेला सौदा सलममध्ये बसत नाही. जमिनीत तयार असलेला कांदा विकायचा असेल तर तो वेगळा व्यवहार आहे. हनफी फकीहांनी तो खरेदीदाराचा पाहून नाकारण्याचा हक्क राखून मान्य केला आहे.

सलम रीतसर झाला, मुदत भरली आणि माल बाजारातच मिळेनासा झाला, तर ‘हिदाया’प्रमाणे खरेदीदाराला निवड आहे. तो थांबू शकतो किंवा सौदा रद्द करून दिलेली रक्कम परत घेऊ शकतो. निर्यातबंदीत कांदा संपत नाही, फक्त बंदराबाहेर जात नाही. म्हणून व्यापाऱ्याने शेतकऱ्याशी सौदा देशातल्या जागेवर माल घेण्याचा केला असेल, तर बंदीचे कारण सांगून तो मागे फिरू शकत नाही. ठरला माल त्याने घ्यावा. परदेशी बंदरात माल पोहोचवण्याचा करार असेल आणि आदेशामुळे तो पोहोचवणे अशक्य झाले असेल, तर मिळालेली रक्कम निर्यातदाराने पूर्ण परत करावी. झालेला खर्च त्यातून परस्पर वळता करू नये. दोन्ही बाजू राजी असतील तर नव्या मुदतीचा कागद करावा, त्यावर साक्षी घ्याव्यात, आणि बंदी आल्यास काय करायचे हे पुढच्या हंगामाच्या सौद्यात लागवडीआधीच लिहून ठेवावे.